तारेला काथ्याचा सदरा

चि. मालू आणि चि. वसंता,

तुम्ही मोंबासाला सुखरूप पोचल्याची तार मिळाली. मागोमाग तुमच्या आईचं पत्रही आलं. त्यात तिनं विचारलं आहे की आजी विजेच्या माणसांशी भांडली असं कानावर आलं, ते खरं का? भांडले नाही. आपल्या आळीत विजेचे खांब आले आहेत. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात तीन माणसं शिडी आणि कोयते घेऊन आली आणि कुंपणालगतचा शेवगा बुंध्यापासून तोडायचा म्हणाली. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बुंधा राहू द्या, तारेकडच्या फांद्या मी सांगते तशा छाटा. मुकादम म्हणाला, "आजी, शेवग्याचं एवढं काय घेऊन बसलात? दोन वर्षांत पुन्हा तारेला भिडेल." मी म्हटलं, "दर वर्षी मी छाटून घेईन. हवं तर लिहून देते." तो हसला. लिहून काही घेतलं नाही, पण बुंधा ठेवला.

या शेवग्याचं एवढं काय, हे सांगायचं तर जोमाबद्दल सांगावं लागेल. त्याला पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. म्हणून आजच लिहायला बसले आहे.

जोमा झाडांना दटावत असे. आंब्याखाली, चिंचेखाली उभा राहून, मान वर करून, एखाद्या हट्टी मुलाला सांगावं तसं सांगे, "पिऊ नको. सांगून ठेवतंय, पिऊ नको." मग कमरेचा कोयता काढी.

त्या काळी, मी लहान असताना, ठाण्यात विजेचे दिवे नव्हते. तारा होत्या त्या फक्त तारखात्याच्या. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ठाण्याच्या तारऑफिसात मास्तर होते. आमचं बिऱ्हाड कोपरीला होतं. स्टेशनापासून निघालेली तार आमच्या परसामागून मिठागरांच्या कडेनं खाडीकडे जाई आणि पुढे मुंब्र्यावरून, डोंबिवलीच्या भातशेतांतून कल्याणला पोचे. या तारेला कुठल्याही झाडाची फांदी टेकू द्यायची नाही, हे जोमाचं काम. फांदी टेकली की तारेतली वीज झाडातून जमिनीत उतरते आणि पलीकडच्या यंत्राला अर्धंमुर्धंच पोचतं. अण्णांनी त्याला हे एकदाच समजावून सांगितलं होतं. जोमानं ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. झाड पाणी पितं, तसं तारेतून चाललेलं बोलणंही पितं. त्याचा दुसरा काही समज नव्हता, आणि अण्णा म्हणत, कामापुरता हा समज साहेबाच्या पुस्तकाहून बरा आहे.

तो आगरी होता. पन्नाशीचा, काटकुळा, मिठागरात उभं राहून पाय पांढरे पडलेला. डोक्याला लाल फडकं, खांद्यावर दोर, हातात टोकाला विळा बांधलेला लांब बांबू. रोज सकाळी आमच्या परसामागच्या खांबापाशी येई, फडकं काढी आणि खांबाला कान लावून उभा राही. वारा असला की तारा घुमतात आणि ती घुमघूम खांबातून खाली उतरते. तुम्ही तिथे कधी ऐकली असेल तर तुम्हाला कळेल. भिंतीपलीकडे पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत असावीत, आणि आपण ऐकतो आहोत हे त्यांना माहीत असावं, तसा तो आवाज असतो. जोमा डोळे मिटून ऐके. ओठ हलत. मग मान हलवून म्हणे, "आज काय नाय," आणि पुढच्या खांबाकडे निघे.

आम्ही मुलं त्याला भीत असू. तारेखाली उभं राहून आपलं नाव घ्यायचं नाही, असा आमचा नियम होता. नाव वर गेलं तर कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. हा नियम आम्हाला जोमानं शिकवला नव्हता. त्याला बघून आम्हीच केला होता. त्याच्या हाताखालून गेलेली झाडंही बघवत नसत. एक बाजू दाट, दुसरी बाजू साफ बोडकी. कोपरीपासून खाडीपर्यंत ती एका रांगेत, तारेपासून अंग चोरून उभी असत. कातरवेळी त्या रांगेजवळून जाताना आम्ही बोलत नसू, पळतही नसू. पळलो तर झाडांना कळेल असं वाटे.

अण्णांनी एकदा त्याला ऑफिसात नेऊन यंत्र दाखवलं. कट्ट कडकट्ट वाजणारी पितळेची दांडी दाखवली आणि म्हणाले, "जोमा, बोलणं म्हणतात ते हे. तारेत नुसती वीज असते. तू ऐकतोस तो वारा."

जोमानं यंत्राला नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी आयकता ती उष्टी. मी आयकतंय ती ताजी."

अण्णांनी घरी येऊन हे आईला सांगितलं आणि जेवताना दोनदा आपल्याशीच हसले.

जोमाचं खरं वैर आमच्या शेजारच्या यमूकाकूंशी होतं. काकू एकट्या राहत, आणि त्यांच्या आंब्याचा एक मोठा फाटा तारेच्या दिशेनं वाढे. दर वर्षी मोहोर यायच्या आत जोमा तो छाटायला हजर.

"माझा आंबा तुझ्या तारेच्या बापाचं काय खातो रे?" काकू माजघरातूनच विचारत.

"खाईत नाय काकू. पितंय."

"काय पितो?"

"लोकांचं बोलनं. पानं बगा कशी जाड झाल्यात."

"तुझी अक्कल जाड झाली आहे. एक डहाळी जास्त गेली तर याद राख."

"एक डहाळी ठेवली आन् तुमच्याच घरचा सांगावा तिनं गिळला, मंग?"

आणि एके वर्षी तसंच काहीसं झालं. मार्गशीर्षातली सकाळ होती. जोमानं फाटा उतरवला, छाटलेलं टोक कानाला लावलं. हे तो नेहमीच करी, शंख लावावा तसं. पण त्या दिवशी तो तसाच उभा राहिला. मी आमच्या पायरीवर पाढे लिहीत बसले होते. त्यानं फडकं काढलं, काकूंच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "काकू, भात चढवू नका."

काकू त्याच्यावर खेकसल्या. पण भात चढवला नाही. ऊन ओटीवर यायच्या आत तारऑफिसातला शिपाई आला. काकूंचे भाऊ नाशकास वारले होते.

अण्णांनी मला याचा उलगडा सांगितला होता. तार पहाटेच आलेली होती. वाटायला शिपाई उशिरा निघाला. आणि शिपाई नि जोमा एकाच चंचीतली तंबाखू खात. म्हणजे जोमाला ते कळलेलं असू शकतं. हे सगळं बरोबर आहे, आणि मला तेव्हाही पटलं होतं. फक्त डहाळी कानाला लावल्यावर त्याचा चेहरा कसा झाला, ते अण्णांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

त्यानंतर काकूंनी आंब्यावरून भांडणं सोडून दिलं. जोमा लांबून दिसला की दारात येऊन उभ्या राहत आणि बारीक आवाजात विचारत, "काही ऐकलंस का रे?" तो म्हणे, "नाय काकू, चढवा भात." मग त्या आत जात.

आता इंग्रजीचं सांगते. अण्णा मला घरीच इंग्रजी शिकवत. अकराव्या वर्षी मी धडे घडाघडा वाचत असे, आणि त्याची मला घमेंड होती. जोमाला हे कळलं तेव्हा तो परसाच्या कुंपणाशी आला. फडक्यात दोन कैऱ्या होत्या.

"बाय, तार साहेबाची भाषा बोलते ना?"

मी म्हटलं, "हो तर."

"म्हनून मना समजत नाय. आवाज येतंय, शबूद सुटत नाय." त्यानं कैऱ्या कुंपणावर ठेवल्या. "बापाला साहेब काय म्हनतो?"

"फादर."

त्यानं तो शब्द तोंडात घोळवला, गिळला आणि गेला.

मग हे नेहमीचं झालं. एक कैरी, दोन पेरू, कधी मूठभर करवंदं, आणि एक शब्द. मी व्यवस्थित मुलगी होते. एक कोरी वही काढून डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी असे रकाने आखले, आणि त्याला दिलेला प्रत्येक शब्द आकडा घालून लिहून ठेवला. घर, होम. बोट, शिप. सुखरूप, सेफ. पाऊस, रेन. आधी, बिफोर. येतो, कमिंग. तो पुस्तकाच्या क्रमानं शिकायला तयार नसे. मी मोठ्या मनानं त्याला हत्ती देऊ केला, राजा देऊ केला.

"हत्ती मना काय करायचाय, बाय? हत्तीला कोन तार करतो?"

दुसऱ्या दिवशी खांबाला कान लावून तो ते शब्द शोधी. मी मजेनं विचारी, "काय जोमा, फादर आला का?" तो गंभीरपणे म्हणे, "एकदा वाटलं आला. पन दुसऱ्या कुनाचा व्हता."

एकदा मला चेष्टा सुचली. त्यानं न मागताच मी म्हटलं, "मेला, याला काय म्हणतात सांगू?"

जोमानं दोन्ही हातांनी आपले कान दाबून धरले. कोयता पायावर पडता पडता राहिला. मग हात काढून म्हणाला, "त्या शबदाला माज्या कानात जागा करून देऊ नको. मना ठावूकच नसला, तर तो इथं थांबनार नाय. जाल पुढं निघून."

तो शब्द मी वहीत लिहायला घेतला होता. डावीकडचा रकाना, उजवीकडचा रकाना आणि आकडा. आकडा घातला, तेवढाच राहिला.

त्या वर्षी भाद्रपदात लाइन बिघडली. कोरडं ऊन पडलं की चाले, सर आली की कल्याणला काही नीट पोचेना. तिकडून पुन्हा पुन्हा विचारणा, इकडून पुन्हा पुन्हा तेच ठोकणं. अण्णा घरी येत तेव्हा त्यांची बोटं जेवताना पाटावर आपोआप वाजत. तपासणीला आलेल्या साहेबानं सांगितलं, आठ दिवसांत दोष सापडला नाही तर तो छाटणारा बदला. आणि मास्तरचंही काय करायचं ते बघू.

अण्णांनी जोमाला बोलावून हे जसंच्या तसं सांगितलं. जोमाचा चेहरा उतरला. "दुसरा मानूस येल?"

"येईल. आणि दिसेल ते झाड तोडेल. तुझ्यासारखा विचारत बसणार नाही."

"कोनतरी पितंय, मास्तर," जोमा म्हणाला. "मी धरतंय त्याला."

पुढचे सहा दिवस त्यानं कोपरीच्या झाडांची जी हजामत केली तिला तोड नव्हती. ज्यांचा तारेशी काही संबंध नव्हता तीही छाटली. यमूकाकूंच्या आंब्याला एका बाजूला पान ठेवलं नाही, आणि काकू दारात हात जोडून उभ्या. तरी सर आली की लाइन आजारी. सातव्या दिवशी जोमा आलाच नाही.

अण्णा निघाले, आणि त्यांची छत्री धरायला म्हणून मी. मिठागरांच्या कडेला, तार खाडीकडे वळते तिथे जोमाची झोपडी होती. तिकडे तपासायला कुणी गेलंच नव्हतं. जोमाच्या दारातल्या झाडावर जोमाची नजर नसेल, असं कुणाच्या मनात यावं?

दारात एक शेवगा होता. सरळ, कोवळा, चांगला उंच वाढलेला. कोपरीतलं एवढं एकच झाड चहूबाजूंनी पुरं होतं. त्याचा शेंडा तारेला टेकला होता. आणि टेकला होता तिथे, हातभर लांबीपर्यंत, तारेला काथ्या गुंडाळलेला होता. घट्ट, नीट, वेढ्याला वेढा लावून. एखाद्या लहान मुलाला सदरा घालावा तसा. त्यातून पाणी निथळून शेवग्याच्या पानांवर पडत होतं.

जोमा उंबऱ्यावर बसला होता. तो उठला नाही.

"हे कुणी केलं?" अण्णांनी विचारलं.

"मी."

"का?"

"झाड तारेला लागू नये म्हनून. काथ्या मेलेला असतो, मास्तर. मेलेलं काय पिनार?"

"छाटलं का नाहीस?"

जोमा शेवग्याकडे बघत राहिला. "लहानूनं लावलंय. माज्या पोरानं. जायच्या दिवशी, एक फांटी खोचली नि म्हनाला, बाबा, हिला पाला फुटंल तवर माझी तार येल. तुज्याच तारेवरून येल, मास्तराच्या आधी तूच आयकशील." त्यानं खाडीकडे बोट दाखवलं. "बोटीवर कोळसा टाकाया गेला. चार पावसाळं झालं."

मी छत्री धरून उभी होते. डोक्यावर तार घुमत होती, आणि मला वहीतले शब्द एकेक करून आठवू लागले. फादर. शिप. सेफ. कमिंग होम. बिफोर रेन. हत्ती नको. राजा नको. गेले वर्षभर माझ्याकडून एकेका कैरीला तो मुलाची तार गोळा करत होता, आणि मी आकडे घालत होते.

"जोमा," अण्णा हळू म्हणाले, "ओला काथ्या झाडाहून जास्त पितो."

आता तो उठला. काथ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "म्हंजे एवढे दीस... मीच? मास्तर, त्याची तार येऊन गेली नसंल ना? माज्याच दारात गिळली नसंल ना?"

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि आई म्हणे, त्याचा घरात फार त्रास होतो. अण्णा म्हणाले, "नाही. पलीकडे पोचलं नाही की ते पुन्हा मागतात आणि आम्ही पुन्हा देतो. एक शब्दही इथे हरवलेला नाही. जी तार येते ती माझ्या हातानं वहीत लिहिली जाते. चार वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. तुझ्या नावची आलेली नाही."

जोमानं मान हलवली. त्यातला धीर देणारा भाग कुठला आणि दुसरा कुठला, हे त्याला कळलं असावं. त्यानं फडकं काढून उंबऱ्यावर ठेवलं, कोयता कमरेला लावला, आणि झाडाला म्हणाला, "चल." पिऊ नको असं म्हणाला नाही.

चढताना तो माझ्याकडे वळला. "बाय, मी वर असतंय. छाटलं की जे पिलेलं असंल ते सुटल. तू खांबाला कान लाव. तुला साहेबाचं समजतं."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातली छत्री घेतली आणि पाठ फिरवून ती मिटू लागले. सर थांबलीच होती.

खांब थंड होता आणि आतून थरथरत होता. वर कोयत्याचा घाव बसला, काथ्याचा वेढा सुटून चिखलात पडला, शेंडा करकरला. आवाज बदलला. अगोदर पुष्कळ माणसं बोलत होती, आता ती एकाएकी गप्प झाली, आणि मागे एकच कुणीतरी उरलं.

"काय म्हनतंय, बाय?" वरून जोमानं विचारलं.

मी म्हटलं, "सेफ."

"सेफ म्हंजे सुखरूप."

"हो."

"आनखी?"

"आणखी काही नाही."

मग त्यानं बुंध्यापर्यंत एकेक फांदी उतरवली, नीट, उगीच एकही डहाळी न चिरता. त्या दुपारपासून कल्याणचं यंत्र स्वच्छ बोलू लागलं. अण्णांची जागा राहिली, जोमाचीही.

त्या दिवशी मी खोटं बोलले असं मी पुढे तुमच्या आजोबांना सांगितलं, आणि मुलांनाही सांगत आले. मुलांना वळण लावायचं तर असं सांगावं लागतं. पण आता तुम्ही दूर आहात आणि मीही फार दिवसांची नाही, तेव्हा खरं लिहिते. मी खोटं बोलले की नाही हे मला माहीत नाही. तो शब्द मी मनात जुळवला नव्हता. कानाला लागला आणि तोंडातून गेला.

लहानू आला नाही. जोमानं नंतरही पुष्कळ वर्षं काम केलं. खांबाला कान लावणं सुटलं नाही, पण मला शब्द मागायला तो पुन्हा आला नाही. म्हणाला, "झाले तेवढे पुरे हायत, बाय. त्याला जास्त बोलायची सवय नाय." जोमा गेला तेव्हा मी सासरी डोंबिवलीला होते. अण्णांनी पत्र पाठवलं, तार केली नाही. का केली नाही ते मी विचारलं नाही.

छाटलेल्या फांद्यांतली एक त्यानं त्या दिवशी माझ्या हातात दिली होती. "खोच कुठंतरी. शेगट मरत नाय." शेवग्याला ते लोक शेगट म्हणतात. ती मी कोपरीच्या परसात खोचली. तिची एक फांदी डोंबिवलीला नेली, आणि तिच्या फांदीचा हा कुंपणालगतचा शेवगा.

तो आहे. या आठवड्यात त्याला नवा पाला फुटला आहे, तारेपासून दोन हात खाली. वहीसुद्धा माझ्या पेटीत आहे. तिच्यात बावीस शब्द आहेत, आणि तेविसाचा आकडा घातलेली एक ओळ कोरी आहे.

तुमची,
आजी